डीव्हीडी ड्राइव्ह अजून लागतो का? कपाटातल्या सीड्यांतलं सगळं काढून घ्यायची पूर्ण रीत

नवा पीसी जुळवून घ्यायला पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलं, की प्रोसेसर, रॅम, एसएसडी ठरवून झाल्यावर यादीच्या तळाशी एक प्रश्न उरतो: डीव्हीडी रायटर टाकायचा का? कॉम्प्युटरच्या आत टाकायची गरज नाही. पण घरात सीड्या पडून असतील तर एक ड्राइव्ह बाहेरून, थोड्या दिवसांसाठी, नक्की हवा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस एकतर ड्राइव्हची जागा असलेलं जुनाट कॅबिनेट शोधत हिंडतो, नाहीतर लग्नाची डीव्हीडी लावायला काही नाही म्हणून ती आणखी पाच वर्षं माळ्यावर टाकतो. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण त्या पाच वर्षांत डिस्क होती तशी राहत नाही.

आत का नको

विंडोज आता पेनड्राइव्हवरून टाकतात. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं, किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावायचा, की काम झालं. विंडोज ११ ची आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावतही नाही. मदरबोर्डच्या खोक्यात सीडी निघालीच तर तिच्यावरचे ड्रायव्हर बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हाचे असतात. ते कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. इथे एक अडचण येते. विंडोज टाकून झाल्यावर लॅनकार्ड किंवा वायफायच ओळखलं गेलं नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कुठून? अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा विंडोज ते लगेच नेटवर्क म्हणून ओळखतं.

बहुतेक नव्या कॅबिनेटांमध्ये सव्वापाच इंची खण उरलेलाच नाही. पुढची बाजू जाळीची असते आणि तिथे पंखे बसतात. केवळ रायटरसाठी जुन्या घडणीचं कॅबिनेट घेणं म्हणजे रोज हवा कोंडून घेणं. खण असेल आणि जुना साटा (म्हणजे सध्याच्या अरुंद जोडणीचा) रायटर हाताशी असेल, तर बसवायला हरकत नाही. फक्त मदरबोर्डची पुस्तिका पाहा: अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट (चपटी एसएसडी थेट बोर्डवर बसवायची जागा) भरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. नेमका तिथेच रायटर जोडला तर तो बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगांत) दिसत नाही, आणि लोक चांगला ड्राइव्ह खराब समजून भंगारात घालतात.

मग बाहेरचा तरी कोणाला लागतो

ज्यांच्या घरात २००० ते २०१५ च्या दरम्यानचं लग्न, मुंज, डोहाळजेवण किंवा शाळेचं गॅदरिंग डिस्कवर आहे, त्या सगळ्यांना. ज्यांच्याकडे एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या सीड्या आहेत, त्यांना. जुनी गाणी विकत घेतलेल्या ऑडिओ सीड्यांवर असलेल्यांना. भोसरी-चाकणच्या ज्या कारखान्यात एखाद्या मशिनचं सॉफ्टवेअर फक्त सीडीवर आलं होतं, तिथल्या मेंटेनन्सवाल्यांना. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांना आणि डीटीपीवाल्यांना, ज्यांच्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पुस्तकांच्या फाइली सीड्यांवर आहेत. आणि वकिलांना, कारण सीसीटीव्ही फुटेज किंवा दोषारोपपत्राची प्रत सीडीवर मिळण्याचे प्रसंग अजून येतात.

यांतल्या वकिलांना आणि नेहमी सीडी विकत घेणाऱ्या संगीतप्रेमींना ड्राइव्ह कायमचा लागेल. बाकीच्यांनी तो एकदा मिळवून, डिस्कांतलं सगळं हार्ड डिस्कवर काढून, ड्राइव्ह खोक्यात ठेवून द्यावा. नातेवाइकांत किंवा सोसायटीत मिळून एक घेतला तरी चालतो.

ड्राइव्ह कोणता घ्यायचा

यूएसबीवर चालणारा पातळ एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर नावाजलेल्या कंपनीचा घेतला तरी साधारण दोन-तीन हजारांत येतो. त्याहून फार स्वस्त मिळणाऱ्या बेनामी ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेलाच भाग नव्या खोक्यात घातलेला असतो. नवी-कोरी डिस्क तो वाचतो, पण आपल्याला नव्या डिस्क वाचायच्याच नाहीत.

बऱ्याच तक्रारी विजेच्या असतात. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्ह याहून जास्त मागू शकतो. वीज कमी पडली की तो टिक-टिक करतो, डिस्क फिरते-थांबते, किंवा कॉपी निम्म्यावर असताना ड्राइव्ह दिसेनासा होतो. म्हणून डेस्कटॉपला तो कॅबिनेटच्या मागच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टांची आतली वायर लांब आणि बारीक असते. लॅपटॉपला थेट लावा, साध्या हबमधून नको. ड्राइव्हसोबत दोन टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोकं जोडा. दुसरं टोक केवळ विजेसाठी असतं.

ट्रे असलेला ड्राइव्ह घ्या, फटीतून डिस्क आत ओढणारा नको. हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीड्या (१.४ जीबीच्या) ट्रेमधल्या आतल्या वर्तुळात बसतात. फटीच्या ड्राइव्हमध्ये त्या अडकतात आणि मग ड्राइव्ह उघडावा लागतो. ब्लू-रे ड्राइव्ह घरात ब्लू-रे डिस्क असेल तरच घ्या. त्या घराघरांत पोचल्याच नाहीत, आणि सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादनही थांबवलं.

पैसे न घालवता ड्राइव्ह मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. बंद पडलेल्या डेस्कटॉपमधला साटा रायटर काढा आणि साटा-यूएसबी अ‍ॅडॉप्टरने जोडा. मात्र अ‍ॅडॉप्टर वेगळ्या १२ व्होल्ट पॉवर सप्लायचाच हवा. अडीच इंची एसएसडीसाठी मिळणारा साधा अ‍ॅडॉप्टर फक्त ५ व्होल्ट देतो, आणि डेस्कटॉपच्या रायटरला दोन्ही व्होल्टेज लागतात. ही जोडणी दिसायला अवजड, पण हट्टी डिस्क वाचायला हे मोठे ड्राइव्ह पातळ ड्राइव्हपेक्षा बरेचदा सरस ठरतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात असे रायटर मिळतात. घेताना मागची जोडणी बघा. रुंद, चाळीस पिनांची असेल तर तो आयडीई आहे, तो सोडून द्या. दुसरा मार्ग जुन्या लॅपटॉपचा.

लॅपटॉपमधला ड्राइव्ह काढून त्या जागी हार्ड डिस्क बसवणं

डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप अजून वापरात असेल, तर त्या खणात कॅडी (हार्ड डिस्क धरून ठेवणारी चौकट) घालून दुसरी हार्ड डिस्क बसवता येते आणि निघालेला ड्राइव्ह बाहेरून वापरता येतो. एका कामात दोन्ही गोष्टी साधतात.

आधी जाडी मोजा. खण १२.७ मिलिमीटरचा असतो किंवा ९.५ चा. चुकीची कॅडी एकतर आत जात नाही किंवा आत खुळखुळते. ड्राइव्हच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक इंटरनेटवर शोधून जाडी मिळते. पट्टीने मोजायची तर आधी ड्राइव्ह बाहेर काढा, कारण पुढची प्लॅस्टिकची पट्टी फसवते.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा. तळाशी बहुधा एकच स्क्रू ड्राइव्हला धरून असतो. काही कंपन्या त्याच्याजवळ डिस्कचं छोटं चिन्ह छापतात. तो काढला की ड्राइव्ह सरकत बाहेर येतो. न आल्यास जोर लावू नका, दुसरा स्क्रू कीबोर्डखाली किंवा रबरी पायाखाली असू शकतो. ड्राइव्हच्या मागची धातूची छोटी पट्टी आणि पुढची प्लॅस्टिकची पट्टी काढून कॅडीला लावा. ट्रे बाहेर काढल्याशिवाय पुढची पट्टी सहसा निघत नाही. लॅपटॉप बंद असताना पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची क्लिप घातली की ट्रे उघडतो.

आता महत्त्वाचं: नवी एसएसडी कॅडीत घालू नका. ती लॅपटॉपच्या मुख्य हार्ड डिस्कच्या जागी बसवा आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत टाका. अनेक लॅपटॉपमध्ये ऑप्टिकल खणाची साटा जोडणी मुख्य खणापेक्षा कमी वेगाची असते, आणि काही मॉडेल त्या खणातून सुरूच होत नाहीत. जुन्या डिस्कमध्ये विंडोज असेल तर बायोसमध्ये बूटचा क्रम बदला, नाहीतर लॅपटॉप जुन्याच डिस्कवरून चालू होईल आणि एसएसडी घालूनही वेग का वाढला नाही ते कळणार नाही. कॅडी लावल्यावर लॅपटॉप अडखळत असेल, तर तिच्यावरचा बारीक सरकता स्विच दुसऱ्या खुणेवर करून पाहा.

निघालेल्या ड्राइव्हसाठी स्लिमलाइन साटा एन्क्लोजर (ड्राइव्ह आत घालून यूएसबीने जोडायचं कवच) मिळतं. तेही जाडी बघूनच घ्या.

डिस्क लावण्याआधी

सगळ्या डिस्क एका टेबलावर काढा आणि तीन ढीग करा: पहिल्या ढिगात घरात स्वतः राइट केलेल्या आणि फोटोग्राफरने दिलेल्या, दुसऱ्यात वैद्यकीय आणि कागदपत्रांच्या, तिसऱ्यात विकत आणलेल्या. आधी पहिला ढीग संपवा. विकतची डिस्क साच्यातून छापलेली असते. राइट केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि तो थर उजेड, ऊब व दमट हवेने बिघडत जातो. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीला पोचणारा पारा, वर तापलेला स्लॅब आणि मग चार महिने पावसाळी दमटपणा, हे पुण्यातल्या माळ्याचं वर्षचक्र त्या थराला मानवणारं नाही. पहिल्या ढिगातही ज्यांच्यावर वरून कागदी स्टिकर चिकटवलेलं आहे त्या सर्वांत आधी घ्या. स्टिकर सोलू नका. सीडीचा माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो आणि वर जेमतेम लाखेचं आवरण. स्टिकरसोबत चंदेरी थर उचलला गेला की गेलं ते गेलं. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती लेबलच्या ओरखड्याला दाद देत नाही, पण वाकवली की चकत्या कडेने सुटतात. पाऊचमधून काढताना तिला कमान करू नका. मध्यावर बोटाने दाबून खोक्यातून सोडवा.

प्रत्येक डिस्कच्या लेबलचा फोनवर फोटो काढा. पेनाने लिहिलेलं ‘आत्याकडचं केळवण, भाग २’ हे त्या डिस्कवरच्या फाइलींत कुठेही लिहिलेलं नसतं.

धुरकट किंवा बोटांचे ठसे असलेली डिस्क कोमट साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने टिपा. पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल कधीच नाही. गोल ओरखडा माहितीच्या मार्गाला समांतर जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला चिमूटभर भाग झाकतो आणि तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः दुरुस्त करतो. बुरशीचे पांढुरके ठिपके पाण्याने जात नसतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्याने प्लॅस्टिक पांढरं पडतं. टूथपेस्टचा उपाय घराघरांत माहीत आहे. वाचण्याच्या बाजूचा एखादा उथळ ओरखडा त्याने बुजतोही, पण एकमेव प्रत असलेल्या डिस्कवर ती सर्व उपाय थकल्यावरच लावावी. ओली डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका.

साठवायला जागा किती लागेल? भरलेली सीडी ७०० एमबी, डीव्हीडी ४.७ जीबी (विंडोज तिला ४.३८ दाखवतं), दुहेरी थराची ८.५. शंभर भरलेल्या डीव्हीड्या म्हणजे ४७० जीबी, तेव्हा १ टीबीची हार्ड डिस्क पुरते. वेळेचा हिशेब असा: ८ पट वेगाचा ड्राइव्ह सेकंदाला कमाल ११ एमबी वाचतो, तोही डिस्कच्या कडेला. धड असलेल्या डीव्हीडीला दहा ते पंधरा मिनिटं धरा, म्हणजे तासाला चार. शंभर डिस्कना पंचवीस तास. हे शनिवार-रविवारी थोडं थोडं उरकायचं काम आहे.

डिस्कच्या प्रकाराप्रमाणे काढायची पद्धत

सगळ्या डिस्कना फाइली निवडून ओढायची एकच पद्धत लावली की काही डिस्कांत काहीच हाती लागत नाही, आणि ते वर्षभराने कळतं.

फोटो आणि कागदपत्रांच्या डिस्कमधून फाइली सरळ कॉपी करा, पण डिस्कच्या नावाचा वेगळा फोल्डर करून. डिजिटल कॅमेरे तीच ती नावं पुन्हा पुन्हा देतात. दोन सहलींचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले आणि ‘रिप्लेस’ दाबलं की एक सहल संपली. सीडीवर थोडे थोडे करून अनेकदा राइट केलेलं असेल तर ती मल्टिसेशन असते, आणि विंडोज केवळ शेवटचं सेशन दाखवू शकतं. डिस्कच्या मागच्या बाजूला रंगाची वेगवेगळी वर्तुळं दिसत असताना आत फाइली मूठभरच निघाल्या, तर आयसोबस्टर या प्रोग्रॅममध्ये उघडा. त्यात प्रत्येक सेशन वेगळं दिसतं.

डीटीपीच्या सीड्यांवर फाइलींबरोबर फाँटचा फोल्डर असेल तर तो आवर्जून घ्या. श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरांच्या काळातला मजकूर युनिकोडमध्ये नाही; नेमका तो फाँट नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ही दोन्ही सॉफ्टवेअरं पुण्यातच घडली, त्यामुळे शहरातल्या जुन्या छापखान्यांकडे असे फाँट अजून सापडतात. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्याच उघडतात. तशी आवृत्ती कोणाकडे असेल तर त्या तिथेच पीडीएफ करून घ्या.

लग्नाच्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात जास्तीत जास्त १ जीबीच्या व्हीओबी फाइली. या फाइली चित्रपटाचे स्वतंत्र भाग नसतात; १ जीबी भरला की मंगलाष्टकाच्या मधोमधही फाइल तुटते. म्हणून आधी पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा करा. इमेजबर्न हा मोफत प्रोग्रॅम ते करतो; तो टाकताना जादा प्रोग्रॅमांच्या खुणा काढून टाका. ही आयएसओ म्हणजे तुमची मूळ प्रत, ती व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये मेनूसकट चालते. विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळात दिलेली नाही, म्हणून ‘डिस्क बिघडली’ असा निष्कर्ष काढण्याआधी व्हीएलसी टाकून पाहा.

फोनवर आणि टीव्हीवर बघायला एमपी४ हवी तर आयएसओ हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. एका डीव्हीडीत अनेक ‘टायटल’ असतात: हळद वेगळी, सीमांतपूजन वेगळं, स्वागतसमारंभ वेगळा. हँडब्रेक आपणहून एकच निवडतो. बाकीची एकेक करून रांगेत घाला. एच.२६४, क्वालिटी आरएफ २० ठेवा. डीइंटरलेस चालू करा, नाहीतर कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील, कारण त्या काळातलं पॅल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं) चित्रण सेकंदाला २५ चौकटी, प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत, असं असायचं. आकार मूळचाच, ७२० बाय ५७६ चा ठेवा. ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानाला पैसे देऊ नका; फाइल फुगते, चेहरे स्पष्ट होत नाहीत.

विकतच्या चित्रपटांच्या डीव्हीडीवर कुलूप असतं. ते तोडणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ च्या कक्षेत येऊ शकतं, तेव्हा त्या डिस्क ड्राइव्ह लावून तशाच पाहा. परदेशातून आणलेली डीव्हीडी लावल्यावर रीजन (डीव्हीडी ज्या देशगटासाठी आहे तो) बदलायचा का असं विचारलं तर जपून: भारत रीजन ५ मध्ये आहे, आणि ड्राइव्हचा रीजन एकूण पाचदाच बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा.

व्हीसीडी ही आपल्याकडे घरोघरी पोचलेली वस्तू. तिच्यात ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डॅट फाइल असते. ही फाइल डेटा सीडीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या सेक्टरांत (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांत) लिहिलेली असते, ज्यांत चूक दुरुस्त करायची जादा माहितीच नसते. म्हणून व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा लवकर अडखळते आणि कॉपी करताना निम्म्यावर एरर येतो. तिची आयएसओ होत नाही. इमेजबर्नला आपणहून बिन आणि क्यू या दोन फाइली करू द्या. दोन्ही एकत्र ठेवा. डॅट फाइल व्हीएलसीमध्ये तशीच चालते.

ऑडिओ सीडीतल्या सीडीए फाइली कॉपी करून गाणी घेतली असं समजू नका. प्रत्येक फाइल ४४ बाइटची असते, तिच्यात गाणं नसून ते डिस्कवर कुठे सुरू होतं एवढीच नोंद असते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्रीएसी वापरून फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलींत) रिप करा, म्हणजे उतरवून घ्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या सिक्युअर मोडमध्ये खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहिली जाते, त्यामुळे वेळ लागतो. एमपी३ नंतर फ्लॅकवरून कधीही करता येते, उलटं होत नाही.

एमआरआय-सीटीची सीडी पूर्णच्या पूर्ण, एकाही फाइलचं नाव न बदलता घ्या. तिच्यात ‘डायकॉमडिर’ नावाची अनुक्रमणिका आणि विस्तार (एक्स्टेन्शन) नसलेल्या शेकडो फाइली असतात. अनुक्रमणिकेतलं नाव आणि फाइल जुळली नाही तर स्कॅन उघडत नाही. सीडीतला दर्शक प्रोग्रॅम विंडोज ११ वर बऱ्याचदा चालत नाही, म्हणून मायक्रोडायकॉम किंवा वीझिस टाका आणि त्यातून फोल्डर उघडा. पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांना पाठवणं उपयोगाचं नाही: मूळ फाइलीत उजेड-काळोखाच्या कितीतरी जास्त छटा असतात आणि डॉक्टर त्या सरकवून पाहतात. उघडल्यावर कोपऱ्यातलं रुग्णाचं नाव आणि तारीख पाहा. पाकीट एकाचं आणि सीडी दुसऱ्याची, असंही होतं.

सॉफ्टवेअरच्या सीडीची प्रतिमा करा, आणि डबीवरच्या लायसन्स कीचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. फार जुना, १६ बिटचा इन्स्टॉलर ६४ बिट विंडोजवर चालणारच नाही. त्यासाठी व्हर्च्युअल मशिनमध्ये जुनं विंडोज टाकून त्यालाच आयएसओ जोडावी लागते.

कोर्टाशी संबंधित डिस्क हा वेगळा विषय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइलीतल्या माहितीवरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक) द्यावं लागतं. अशी डिस्क घरी धुऊ-पुसू नका, वकिलांना विचारल्याशिवाय काही करू नका, आणि प्रत काढून झाली तरी मूळ डिस्क फेकू नका.

डिस्क रिकामी दिसते, किंवा अडकते

हँडीकॅमच्या किंवा टीव्हीखालच्या डीव्हीडी रेकॉर्डरच्या डिस्कवर मागून जांभळा-गडद लिहिलेला भाग दिसतो, तरी कॉम्प्युटर ती रिकामी म्हणतो. ती फायनलाइझ केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण केलेली, नसते. मूळ यंत्र चालू असेल तर त्याच्या मेनूतून फायनलाइझ करा. नसेल तर आयसोबस्टर अशा डिस्क वाचू शकतो. विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

सीड्या वाचतो आणि डीव्हीड्या मुळीच नाही, किंवा याच्या उलट, असं असेल तर डिस्कला दोष देऊ नका. ड्राइव्हमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० चा असे दोन लेसर असतात. त्यांतला एक गेलेला आहे. दोन्हींकडे अडखळत असेल तर भिंगावर धूळ असते. पातळ ड्राइव्हमध्ये ट्रे उघडला की भिंग समोरच दिसतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, दाब न देता, एकदा फिरवा.

काही डिस्क तरीही अडतात. पहिला उपाय वेग कमी करणं: इमेजबर्नमध्ये वाचण्याचा वेग डीव्हीडीला २ किंवा ४ पट करा. दुसरा, डिस्क वेगळ्या ड्राइव्हमध्ये लावणं. यात नशीब नाही, ड्राइव्हांच्या भिंगांत आणि चूक दुरुस्त करण्याच्या पद्धतीत खराच फरक असतो. या दोन्हींचा मेळ डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधून माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बसतो. उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीचा) लाइव्ह पेनड्राइव्ह करून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि डीडीरेस्क्यू टाका. सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्या आणि मॅप फाइल (कुठलं वाचून झालं आणि कुठलं राहिलं याची नोंद) आठवणीने ठेवा, तीही प्रतिमेसोबत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. पहिल्या फेरीत सोपे भाग उचलायचे, खराब जागी घासत बसायचं नाही. दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागा तीनदा वाचायच्या. मग डिस्क काढून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच मॅप फाइल देऊन पुढे चालू करा: जे मिळालं आहे ते सोडून केवळ राहिलेले सेक्टर तो वाचेल. दोन-तीन ड्राइव्ह फिरवून अर्धवट वाटलेली डीव्हीडी जवळजवळ पूर्ण निघते. शंभर-दोनशे सेक्टर राहिलेच तर चित्रण क्षणभर चौकटी-चौकटी होऊन पुढे सरकतं. फोटोंच्या डिस्कला मात्र तेवढ्यानेही एखादा फोटो अर्धा राखाडी होतो.

हे काम तासन्‌तास चालू शकतं. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि त्याचे आपोआप ‘स्लीप’मध्ये जाण्याचे पर्याय बंद करा. वीज गेली तरी मॅप फाइलमुळे काम पहिल्यापासून करावं लागत नाही. तडा गेलेली डिस्क मात्र लावू नका. वेगात फिरताना ती आतच फुटते आणि ड्राइव्हलाही घेऊन जाते.

काढलेलं ठेवायचं कुठे

फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग असं नाव द्या, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. लेबलचा फोटो आतच टाका. प्रत्येक व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडून पाहा. फाइलचा आकार बरोबर दिसतो म्हणून ती चालतेच असं नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा आणि एक दुसऱ्या घरी द्या. यासाठी साधी फिरती हार्ड डिस्कच बरी. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न लावता पडून ठेवण्यासाठी नाही.

नव्या डीव्हीडीवर पुन्हा राइट करून ठेवावं का, असं बरेच जण विचारतात. नको. आज बाजारात उरलेल्या कोऱ्या डिस्कांचा दर्जा काय ते कळायला मार्ग नाही, आणि दहा वर्षांनी पुन्हा हाच उद्योग करावा लागेल.

दोन्ही प्रती तपासून झाल्यावर जुन्या डिस्क टाकायच्या असतील तर ज्यांवर कागदपत्रं किंवा आजारपणाची माहिती आहे त्या आधी निकामी करा. डिस्क जाड कापडी पिशवीत घालून कात्रीने चार तुकडे करा; उघड्यावर कापली तर धारदार कपच्या डोळ्यात उडतात. मायक्रोवेव्हचा खेळ करू नका. डिस्क आणि त्यांच्या प्लॅस्टिक डब्या सुक्या कचऱ्यात जातात. बंद पडलेला ड्राइव्ह ई-कचऱ्यात द्या, पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेकडे तो घेतात. चालू ड्राइव्ह मात्र केबलसकट एका डबीत, ट्रे बंद करून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. पुढच्या स्कॅनची सीडी कधी हातात पडेल सांगता येत नाही.